उड्या जिरवणारी नळी

खड्डा तर कधीच मागे गेला होता, मग गाडी अजून का नाचत होती?

पाटणहून आबांसोबत घरी येताना इरावतीला हे कोडं पडलं. आबा म्हणजे तिचे आजोबा. एकेकाळी ते चंद्रावर फिरणाऱ्या गाड्या बनवायचे. त्यांची ही घरची गाडी चालकाविना आपली आपण वळणं घ्यायची, पण प्रत्येक खड्ड्यानंतर तिची मागची बाजू होडीसारखी डुलत राहायची. आणि उद्या हिच्यातूनच धाकट्या भावाला, निमिषला, दवाखान्यातून घरी आणायचं होतं. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. "हादरे बसता कामा नयेत," असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

अंगणात आबांनी डिकी दाबून सोडली. गाडी वरखाली, वरखाली होत राहिली.

"स्प्रिंग तुटलीय?"

"नाही गं. स्प्रिंग दाबली की ऊर्जा (काम करण्याची ताकद) साठवते आणि लगेच परत देते. थांबणं तिला ठाऊकच नाही. थांबवणारा दुसराच असतो."

लोखंड्या या घरच्या यंत्रमानवानं गाडी मागून उचलून भक्कम टेकूंवर ठेवली आणि चाकं काढली. स्प्रिंगशेजारी तेलानं माखलेली एक नळी दिसली. शॉक ॲब्सॉर्बर (हादरे जिरवणारी नळी)!

आबांनी बिनसुईची सिरिंज पाण्यानं भरून तिला दिली. "हळू दाब. आता जोरात."

"जोरात दाबलं की पाणी जास्त अडतंय!"

"बारीक भोकातून घाईनं कसं जाणार? या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला (आत सरकणाऱ्या भागाला) बारीक भोकं. त्यातून जाताना तेल तापतं. उडीची ऊर्जा उष्णता होऊन जाते. हिच्यातलं तेल गळून गेलंय."

"म्हणजे उडी तापून संपते!"

"अगदी बरोबर."

आबांचे हात आताशा थरथरायचे, म्हणून पाना इरावतीनंच धरला. खालचा बोल्ट निघाला, मग वरचा. नवी नळी बसली.

"दुसऱ्या बाजूची नळी तर गळत नाहीये. राहू दे?"

"नको. तीही जुनी झालीय. एक बाजू लगेच थांबली आणि दुसरी डुलत राहिली, तर निमिष कलंडेल."

दोन्ही बदलल्या. गाडी चाकांवर उतरल्यावर लोखंड्यानं बोल्ट शेवटचे आवळले. इरावतीनं डिकी दाबली. गाडी एकदाच वर आली आणि स्थिरावली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मोठा खड्डा आला. इरावतीनं निमिषचा हात घट्ट धरला, श्वास रोखला. गाडी खाली गेली, वर आली, स्थिरावली.

निमिषनं डोळे किलकिले केले. "ताई, निघालो का आपण?"

"अर्धी वाट सरली, राजा. झोप तू."

घरी त्याला नीट निजवून ती बाहेर आली आणि वाकून तिनं नळीला हळूच बोट लावलं. नळी कोमट होती.

"आबा, ही ऊब वायाच जाते. हादऱ्यांचीच वीज केली तर?"

"आम्ही खटपट केली होती. पुरतं जमलं नाही."

आबा पायरीवर सरकून बसले आणि त्यांनी तिला शेजारी जागा करून दिली.

"बस. कुठून सुरुवात करायची म्हणतेस?"