हिवाळ्यात मुक्काम भावाकडे

वॉल्टर ह्रुष्काच्या स्वयंपाकघरात सिंकशेजारी एक पांढरा एनॅमलचा ट्रे असे. त्यात भाजी धुवायची कुणाची टाप नव्हती. तो ट्रे कार्डांचा. ईरी तळ्याकाठच्या सँडस्की गावात जुनी बेसबॉल कार्डं, पुढे खेळाडूचं चित्र आणि मागे त्याच्या हंगामांचे आकडे असलेली, जमवणारे पुष्कळ. पण कुणा पोराने खळ लावून वहीत डकवलेलं कार्ड सोडवायचं झालं, की ते वॉल्टरकडेच यायचं. कोमट पाण्यात कार्ड अलगद सोडायचं आणि गप्प बसायचं, एवढंच ते काम. खळ आपसूक सुटते, शाई हलत नाही. मग टिपकागदात घालून वर जाडजूड पुस्तकं ठेवायची. घाई केलीत तर मात्र कार्डाचा चिखल होतो.

ऑक्टोबरात, बेसबॉलचा हंगाम संपत आला असताना, व्हर्ना आली. शेजारीण, जुनी मैत्रीण आणि कार्डांच्या बाबतीत वॉल्टरहून दोन पावलं जास्तच वेडी. काखेत एक जुनी चिकटवही होती.

"वॉली, आधी खाली बस."

"का? कोण मेलं?"

"बस म्हणते ना! कुणीतरी घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात मिळाली. हे बघ."

पानावर एक कार्ड पालथं डकवलेलं होतं. आकड्यांचं खूळ असलेली पोरं असं करायची. चेहरा कागदाकडे, कारकीर्द वर. वॉल्टरने चष्मा लावला. एमिल ह्रुष्का, पिचर. उजव्या हाताने चेंडू फेकतो. खाली तीन हंगाम, शेवटचा १९५२ चा. आणि तळाशी, खेळाडू घरगुती वाटावा म्हणून छापतात तशी एक ओळ: हिवाळ्यात मुक्काम आईवडिलांकडे, तळ्यावर मासे धरायची आवड.

वॉल्टरने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. एमिल त्याचा थोरला भाऊ. हे कार्ड निघालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात तो ईरी तळ्याच्या बर्फावर मासे धरायला गेला, तो परत आलाच नाही. आईने दुःखाने पिसाटून घरातला त्याचा एकूण एक फोटो, एकूण एक कार्ड चुलीत घातलं. वॉल्टर तेव्हा शाळकरी पोर. आणि आता सगळ्यात वाईट काय, तर त्याला एमिलचा चेहराच आठवत नव्हता. आवाज आठवे, तंबाखूचा वास आठवे, उजव्या भुवईतला व्रण आठवे, कारण तो वॉल्टरनेच मारलेल्या चेंडूचा होता. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. या एका चेहऱ्यासाठी त्याने हजारो अनोळखी चेहरे पाण्यातून काढले होते.

"रडतोस काय बावळटा, ट्रे काढ," व्हर्ना म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

दुपारच्या उन्हात पाणी सोनेरी दिसत होतं. पाण्यात सोडलेल्या पानापासून कार्ड सुटलं आणि झोपेत कूस बदलावी तसं उलटलं. वॉल्टर श्वास रोखून वाकला. हिरवं गवत, लाकडी कुंपण, मागे ओढलेला हात. चेहऱ्यावर मात्र खळीचा दुधी पापुद्रा.

"अरे, हा डाव्या हाताने फेकतोय!" व्हर्ना हसली. "नेगेटिव्ह उलटी धरून छापलीय मेल्यांनी. टोपीवरचं अक्षरसुद्धा उलटं बघ. अशा चुकीच्या कार्डासाठी लोक जीव टाकतात हं, वॉली."

"मला चेहरा हवाय. चूक तूच ठेव."

रात्रभर कार्ड पुस्तकांखाली वाळलं. सकाळी त्याने ते उचललं, पाठ पाहिली, आणि व्हर्नाला हाक मारली.

"हे कार्ड कधीचं?"

"त्रेपन्नच्या वसंतातलं. का?"

"मग ही चोपन्न सालची ओळ कुठून आली?"

व्हर्नाने भिंग लावून पाहिलं. ओळ होती. छपाई तीच, शाई तीच. चोपन्न साली एमिल ज्या गावाकडून खेळला असं लिहिलं होतं, त्या गावाचं नाव दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं.

"खळीखाली झाकली असेल," ती म्हणाली.

"पाठीला खळ नव्हती, व्हर्ना."

तिने भिंग टेबलावर ठेवलं. कॉफी अर्धी टाकून घरी गेली.

वॉल्टरने कार्ड पुन्हा पाण्यात सोडलं. चेहऱ्यावरचा पापुद्रा जरा विरळ झाला, हनुवटी दिसली. मागे आणखी काही हंगाम उमटले. पुन्हा सोडलं. आता ओठ. आणखी हंगाम, आणखी गावं, सगळी पाण्याच्या नावांची: कुठे खाडी, कुठे बंधारा, कुठे थंड झरा. त्या गावांत कसल्या उन्हात खेळत असतील, प्रेक्षक टाळ्या वाजवत असतील का, असल्या विचारांत त्याचे दिवस जात. ट्रेमधल्या पाण्याला कापलेल्या गवताचा वास येई. खरं सांगायचं तर तो सुखात होता. भाऊ बुडाला नव्हता, नुसता दूर कुठेतरी खेळत होता.

व्हर्नाला ते बघवेना.

"पुरे आता. पुठ्ठ्याचा भुगा होईल."

"डोळे तेवढे राहिलेत."

"वॉली, मला भीती वाटते रे."

"भावाची कसली भीती?"

"तो भाऊच आहे कशावरून?" ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याने दचकून उठली.

हंगामाचा शेवटचा सामना रेडिओवर संपला, त्या संध्याकाळी त्याने कार्ड शेवटचं भिजवलं. पापुद्रा सायीसारखा सरकला.

आणि चेहरा आला.

हाच! हाच तो! रुंद गाल, किंचित वाकडं नाक, हसू दाबलेलं तोंड. वॉल्टर मोठ्याने रडला. इतकी वर्षं कुठे होतास रे, म्हणून त्याने ट्रेच्या कडेला कपाळ टेकलं.

मान वर केली तेव्हा पाण्यातल्या कार्डावर गवत होतं, कुंपण होतं. माणूस नव्हता.

त्याने कार्ड उलटलं. हंगामांच्या ओळी तळापर्यंत भरल्या होत्या, आणि शेवटची ओळ बदलली होती. हिवाळ्यात मुक्काम भावाकडे.

ओसरीच्या फळ्यांवर तळव्याला खिळे असलेले खेळाचे बूट वाजले.

"दार उघड की, वॉली. गारठलो."

तो आवाज. वॉल्टर धावला, कडी त्याच्या हातून दोनदा निसटली. दारात एमिल उभा होता, तेवीस वर्षांचा, ऊन लागून लाल झालेला. त्याच्या अंगाला गवताचा वास येत होता.

"ओळखलंस का?"

"ओळखलं. अरे, ओळखलं!"

"म्हातारा झालास की रे, गाढवा," तो हसून म्हणाला. तेच दाबलेलं हसू. "खायला काय आहे?"

कोबीचं सूप होतं. वॉल्टरने वाडगा भरून पुढे ठेवला आणि समोर बसून त्याच्याकडे डोळे भरून पाहत राहिला. दिव्याच्या उजेडात व्रण चमकला. डाव्या भुवईत. टोपीवरचं अक्षर उलटं होतं. त्याने डाव्या हातात चमचा घेतला आणि भुकेल्या माणसासारखा खाऊ लागला.

बाहेर तळ्याकडून वारा सुटला होता. वॉल्टरने एकदा दाराकडे पाहिलं. मग तो उठला, त्याने दाराला आतून कडी घातली, आणि पावाची बशी उचलून पाहुण्याच्या डाव्या हाताशी ठेवली.