फांदीवरचं वजन

वादळ झालं की आम्हा झाडं कापणाऱ्यांचे बरे दिवस येतात. लोकांची झोप उडते आणि आम्हा भावंडांचा फोन वाजायचा थांबत नाही. धाकटा झाडावर चढतो, मी खाली दोर धरते. घरात त्याला माकडच म्हणतात. त्याच्या कमरेचा दोर शेजारच्या एखाद्या भक्कम झाडाच्या बेचक्यातून खाली येतो, बुंध्याला वेढे घेतो आणि माझ्या हातात राहतो. दोरावर वजन असेपर्यंत तो सोडायचा नाही, अलगद उतरवायचं, हे बाबांनी इतकं घोटून घेतलंय की माझे हात ते झोपेतही करतील. बाबा स्वतः एका फांदीखाली गेले. तेव्हापासून आई रोज निघताना मला एवढंच सांगते, "नेतेस तसा परत आण त्याला."

त्या दिवशीचं घर दुमजली होतं. अंगणातलं जुनं झाड कलंडून भिंतीला टेकलं होतं आणि त्याची मांडीएवढी जाड फांदी वरच्या खोलीची खिडकी फोडून आत घुसली होती. मालकीणबाई एकट्याच राहायच्या. साठीच्या, नीटनेटक्या. बोलताना त्या एकदाही वर बघत नव्हत्या.

"त्या खोलीत कोण असतं?" मी विचारलं.

"कुणी नाही. बंदच असते. तुम्ही ती फांदी तेवढी बाहेर काढा."

"काढतो की. त्यासाठीच आलोय, पाहुणचाराला नाही," धाकटा शिडी लावत म्हणाला. मालकीणबाई हसल्या नाहीत.

दोन्ही बाजूंना टेकू असलेली फांदी मधे वाकते. इकडे बुंधा, तिकडे खिडकीची चौकट. अशा फांदीला वरून थोडं कापलं की खाच मिटत जाते. आधी ती कशी वागते ते बघायचं, भार कुठे आहे ते ओळखायचं, मग पुढचा घाव. हे न बघता कापणारे फार दिवस टिकत नाहीत. बाबा म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, लाकूड बोलणार नाही.

धाकट्यानं वरून खाच घेतली आणि करवत बंद केली.

"ताई, खाच मिटत नाही, उघडतेय."

"नीट बघ."

"डोळे आहेत मला. उघडतेय. आतलं टोक खाली दाबलं गेलंय."

म्हणजे आत कपाट पडलं असणार, नाहीतर छताचा तुकडा. मी त्याला खाली उतरवलं आणि किल्ली मागितली. मालकीणबाईंनी ती द्यायला बराच वेळ लावला. आमच्याबरोबर जिना चढल्या, पण शेवटच्या पायरीवरच थांबल्या.

खोलीत कपाट नव्हतंच. छत शाबूत होतं. एक लोखंडी पलंग, एक खुर्ची, फरशीवर काचा आणि ओली पानं. गादीच्या मधोमध खोल खड्डा होता, वर्षानुवर्षं एकच माणूस पडून राहिल्यावर होतो तसा. फांदीचं टोक फरशीपासून गुडघाभर उंचीवर होतं आणि त्याला कशाचाही स्पर्श नव्हता. एवढं मोकळं टोक हात लावताच डुलायला हवं. मी खालून दोन्ही हात लावून उचलून पाहिलं. तसूभर हललं नाही.

"इथे कोण झोपायचं?" मी विचारलं.

"पाणी आणू का तुम्हाला?" जिन्यातून उत्तर आलं.

मला तेव्हाच घरी जायला हवं होतं. पण अर्धवट कापलेली फांदी कुणाच्या घरावर टाकून जाता येत नाही. धाकटा पुन्हा चढला. मी दोर ताणून धरला.

"ताई, आता मिटली."

"मग बरं झालं की."

"अगं, पार मिटली. करवत घातली तर खाच तिला चावून बसली. निघत नाही."

एवढी घट्ट मिटायची तर भार आत नको, चौकटीच्या अलीकडे हवा. तो अलीकडे आला होता.

वारा अजिबात नव्हता. फांदीवरच्या बारीक डहाळ्या एकेक करून दबत होत्या. खिडकीकडून त्याच्याकडे.

"खाली ये!" मी ओरडले.

त्यानंही ते पाहिलं होतं. त्यानं कधी केला नव्हता तो गाढवपणा केला. दोर अडकवलेली कमरेची कडी वरच सोडली आणि शिडीवरून घसरत खाली आला. माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

रिकामी कडी फांदीपाशी झुलत होती.

मग ती झुलायची थांबली.

दोर माझ्या हातात ताठ झाला.

धाकट्याचं वजन मी ओळखते. हे त्याच्याहून कमी होतं. दोर सोडून पळावंसं वाटलं, पण माझे हात शिकवलेलं करत राहिले. थोडा थोडा दोर सोडत गेले. कडी सरळ, संथ खाली आली. जमिनीपाशी दोर सैल पडला.

"ताई," धाकटा कुजबुजला, "काय उतरवलंस?"

मालकीणबाई दारात आल्या होत्या. पहिल्यांदाच त्यांनी वर पाहिलं.

"आता कापा," त्या म्हणाल्या. "आता हलकी झाली असेल."

झालीच होती. अडकलेली करवत सुटली, खाच मिटायला हवी तेवढीच मिटली आणि फांदी शहाण्या लेकरासारखी खाली आली. आम्ही सामान भरत होतो तेव्हा वरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि मालकीणबाई गुणगुणत गादी झटकत होत्या.

गाडीत पुढे तिघांची सीट आहे. मधल्या जागेवर आम्ही दोराचं वेटोळं ठेवतो. त्या दिवशी तो दोर मला जवळ नको होता, म्हणून मागे फेकला. धाकटा लगेच झोपला. थोड्या वेळानं झोपेतच खिडकीकडे सरकला. मी मधल्या सीटकडे पाहिलं. फोम मधोमध दबलेला होता. त्यानंतर मी फक्त रस्त्याकडे पाहिलं.

घरापाशी धाकटा उतरला. त्याच्या बाजूला गाडी किंचित वर आली. मग तीच बाजू पुन्हा दबली आणि वर आली.

आईनं दार उघडलं. "आला गं बाई," म्हणत तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला आत घेतलं. मग मागून येणाऱ्याला वाट द्यावी तशी ती बाजूला झाली, क्षणभर थांबली आणि तिनं दार लावून घेतलं.

मी अजून गाडीतच होते.