जोडीला बसलेले मास्तर

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाला गळ घालणार नाही. पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय, आणि त्यातला काही भाग मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

दादा ट्रक चालवायचा. त्या ट्रान्सपोर्टमध्ये नवीनच लागला होता. गेल्या हिवाळ्यात एका पहाटे, बायपासच्या उतारावर, त्याचा ट्रक कठडा तोडून खाली गेला.

दादा वाचला. उजवा पाय गेला.

आदल्या संध्याकाळीच तो लांबची फेरी करून परतला होता. डोळे लालभडक. मालक म्हणाले, "तोंडावर पाणी मार आणि नीघ."

वहिनी डबा द्यायला गेली होती. तिने त्याला निघताना पाहिलं.

एकट्याला.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर दादाने पहिला प्रश्न विचारला...

"मास्तर कसे आहेत?"

"कोण मास्तर?" मी विचारलं.

"अगं, जोडीला होते ते. वाटेत चढले. म्हणाले, तू पड जरा, मी चालवतो."

दादा केबिनबाहेर फेकला गेला होता. पोलिसांनी सगळा उतार पालथा घातला होता.

दुसरं कोणी सापडलं नव्हतं...

भरपाईसाठी आम्ही एका वकीलबाईंकडे गेलो. त्या स्पष्ट बोलल्या. "थकलेल्या माणसाला विश्रांती न देता गाडीवर पाठवलं, हा आपला दावा. नुकसानभरपाई त्यावरच उभी आहे. जोडीला दुसरा ड्रायव्हर होता म्हटलं की मालक सुटले. आणि ते नेमकं तेच म्हणतायत."

"कोण होता म्हणे?"

"मास्तर."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मालकाने दादाला पढवलं तर नाही? मी आडून आडून विचारून पाहिलं. तो भडकला.

"पाय माझा गेलाय. मी कशाला खोटं बोलू?"

तरी माझा संशय जाईना. तो झोपला की मी त्याचा मोबाईल चाळायचे. मालकाचा एकही फोन नव्हता.

मग एक दिवस वकीलबाईंनीच मला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं.

"मास्तर नावाचे ड्रायव्हर होते तिथे. नवीन पोरांना गाडी शिकवायचे, म्हणून मास्तर. ते वारले. तुझा भाऊ तिथे लागायच्या आधीच."

"कसे?"

"याच ट्रकवर. झोप न घेता चालवत होते. डोळा लागला."

मालक कागदोपत्री त्यांचं नाव तसंच पुढे दाखवत होते. प्रत्येक फेरीला दोन ड्रायव्हर आहेत, असं भासवायला.

दादाने ते नाव कुठेतरी ऐकलं असेल. डोक्याला मार लागलाय, काहीबाही बोलत असेल. मी मनाची समजूत घातली.

केबिनमध्ये कॅमेरा होता. चित्र गेलं होतं, आवाज शाबूत होता. वकीलबाईंनी तो कोर्टामार्फत मागवला आणि भर दुपारी, आपल्या ऑफिसात, मालकांसमोर लावला.

इंजिनाची घरघर.

दादाची जांभई. मग त्याचा आवाज... "मास्तर, पडतो हं जरा."



फक्त कोणीतरी खाकरलं. घसा साफ करावा तसं, दोनदा.

मालकांचा चेहरा उतरला.

थोड्या वेळाने दादा घोरायला लागला. लहानपणापासून ऐकत आलेय, लगेच ओळखलं. तो घोरत होता...

आणि गिअर बदलत होते.

इंडिकेटर वाजला. टक... टक... बंद झाला. समोरच्या गाडीला हॉर्न दिला गेला. दादाचं घोरणं चालूच.

मग...

दुसरं घोरणं सुरू झालं.

जड, संथ. माइकच्या अगदी जवळ.

ब्रेकचा आवाज शेवटपर्यंत आला नाही.

"बंद करा ते," मालक म्हणाले.

"कोण आहे हा?" वकीलबाईंनी विचारलं.

मालकांनी पाणी मागितलं. ग्लास तसाच टेबलावर ठेवून ते उठून गेले. दोन ड्रायव्हर होते, हे ते पुन्हा कधीच म्हणाले नाहीत. दावा आमच्या बाजूने लागला.

दादाला मी सगळं सांगितलं.

"तेही दमलेच होते गं," एवढंच म्हणाला.

ट्रक दुरुस्त होऊन विकला गेल्याचं कळलं आणि माझी झोप उडाली. खूप खटपट करून मी नव्या मालकाचा नंबर मिळवला.

"ड्रायव्हरला नीट विश्रांती देता ना?" मी विचारलं.

"त्यालाच नकोय. दुसरा माणूस देतो म्हटलं, तर म्हणतो, जोडीला आहे कोणीतरी."

मी त्याला सुरुवातीपासून सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं.

हसला नाही.

"बाई, गाडी आत्ता रस्त्यावर आहे," तो हळूच म्हणाला. "सकाळपासून फोन लावतोय. तो उचलत नाहीये..."

हे काल संध्याकाळचं बोलणं. कळलं की सांगतो म्हणाला होता.

अजून त्याचा फोन आलेला नाही.