न दिसणारं मलम

"संध्याकाळपर्यंत दुकानाला कुलूप लावा, असा धोंडीरामांचा निरोप हाय," महानंदा म्हणाली आणि तिने शिवकन्याताईंच्या टेबलावर मलमाची कोरी ट्यूब ठेवली.

१९९७ चा एप्रिल होता. धारूरच्या शिवकन्याताई औषधशास्त्र शिकल्या होत्या, पण जीव रमे तो लोकांच्या भानगडी उकलण्यात. बंकट त्यांची जीप चालवी; डोकं चालवायचं काम त्याने ताईंवरच सोडलं होतं.

महानंदाने सिरसाळ्यात एकटीच्या हिमतीवर जनरल स्टोअर्स उभं केलं होतं. तिथूनच धोंडीराम बागायतदारांच्या प्रियदर्शनीने उन्हाचं मलम नेलं. पोरगी धावपटू. तीन आठवडे ते लावून भर उन्हात पळाली, काही झालं नाही. रविवारी बीडची निवड चाचणी जिंकली, पण घरी आली ती भाजलेलं तोंड घेऊन. बनावट माल विकला म्हणून धोंडीराम खवळले.

ताईंनी ट्यूबची मागची बाजू वाचली. झिंक ऑक्साइड वीस टक्के. घाम आल्यावर पुन्हा लावा. "आपली मर्यादा आपणच सांगणारा माल सहसा लबाड नसतो," त्या म्हणाल्या. मग त्यांनी थोडं मलम बंकटच्या डाव्या हातावर चोळलं. कितीही घासलं तरी पांढरा पट्टा राहिलाच, आणि बंकटने तोंड वाकडं केलं.

सिरसाळ्यात आधी भेटला अमरसिंह, दुसऱ्या मलमाचा विक्रेता. महानंदाची बदनामी गावभर करत हिंडणारा तोच. त्याच्या डबीवर लिहिलं होतं, एकदाच लावा, दिवसभर ऊन शंभर टक्के बंद. मागे मात्र पाणी, स्टिअरिक आम्ल, ग्लिसरीन आणि सुगंध एवढंच. यात ऊन अडवणारं काय आहे, असं ताईंनी विचारल्यावर तो डोकं खाजवू लागला. बंकटने मनात त्याला बेड्याही घातल्या होत्या, पण लॉजवाला म्हणाला की हा गडी गावात आला तोच सोमवारी.

धोंडीरामांच्या घरी चहा आणला वच्छलाबाईंनी. धोंडीरामांची ही विधवा बहीण. आईवेगळ्या प्रियदर्शनीला त्यांनीच वाढवलेलं.

"ते मलम लावलं की लई पांढरं दिसायचं तोंड," त्या म्हणाल्या. "पोरी भस्म फासलंय म्हणून हसायच्या. रविवारी तर पेपरचा फोटोवाला येणार होता."

हात धुवायला बंकट मोरीत गेला. तिथे टूथपेस्टची ट्यूब मागून उघडून, शेवटचा कण काढून, पुन्हा दुमडून हेअरपिनने दाबून ठेवली होती. शंभर एकराच्या घरात ही काटकसर पाहून त्याला मौज वाटली. बाहेर येऊन त्याने ती ताईंना सांगितलीही.

प्रियदर्शनीने आपली ट्यूब आणून दिली. त्या ट्यूबचं शेपूट जाड, तीन घड्यांचं होतं. ताईंनी त्यातलं मलम बंकटच्या उजव्या हातावर चोळलं. गुलाबाचा वास आला आणि मलम जिरून गेलं.

"हेच बरं हाय ताई," बंकट म्हणाला. "डागच न्हाई."

"बंकट, तूच उकललंस," ताई म्हणाल्या आणि त्यांनी धोंडीरामांना बोलावून घेतलं.

झिंक ऑक्साइड म्हणजे पांढरी भुकटी, त्यांनी समजावलं. एवढी वीस टक्के भुकटी असेल, तर सावळ्या कातडीवर ती दिसणारच. जे जिरतं ते दुसरंच काहीतरी, वरचं लेबल खरं असलं तरी. म्हणजे आतला माल बदलला होता.

"दुकानातल्या ट्यूबचं शेपूट यंत्राने सपाट दाबलंय," त्या म्हणाल्या. "हिच्यावर हेअरपिनचा वळ आहे. कारखाने हेअरपिन वापरत नाहीत. अमरसिंह आला सोमवारी, पोर भाजली रविवारी. आणि या घरात कुणाला तरी ट्यूबा मागून उघडायची सवय आहे, हे मोरीत दिसतंय."

"फोटोत माझं लेकरू भस्म फासल्यावानी दिसू नये म्हणून मलम काढून त्यात माझी तोंडाला लावायची स्नो क्रीम भरली," वच्छलाबाई रडत म्हणाल्या. "ते पांढरंच ऊन अडवतं, हे मला काय ठावं?"

प्रियदर्शनीने आत्याला मिठी मारली. पायात वहाणा सरकवून धोंडीराम थेट दुकानात गेले आणि भर बाजारात त्यांनी महानंदापुढे हात जोडले. बंकटची छाती अशी फुगली, की जणू केस त्यानेच जिंकली.

महिन्याने पोरगी पुण्याची शर्यत जिंकली. पेपरातल्या फोटोत तोंड पांढरंफटक आणि हसू कानापर्यंत. वच्छलाबाईंनी तो स्वतः महानंदाच्या दुकानात चिकटवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला त्या सांगू लागल्या, "आमचीच पोर हाय. मलम बी इथलंच."