दोन ठोके म्हणजे बंद

ही घटना खरी आहे आणि माझ्याच बाबतीत घडलेली आहे. उजव्या तळहातावर डाग आहे. ज्या कोणाला खोटं वाटत असेल त्याने नागपूरला यावं, दाखवतो.

भुताच्या गोष्टी म्हणे अमावस्येच्या रात्री घडतात. ही भर दुपारी घडली.

१९७९ साल. मे महिन्याचा शेवट, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू होता. नवतपाच्या दुपारी नागपुरात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तुम्ही कितीही ओरडा, ऐकायला कोणी नसतं.

कामठी रोडवर माझ्या मामांची, चंपतरावांची, ट्रक दुरुस्तीची शेड होती. मी त्यांच्याच हाताखाली मिस्त्रीकाम शिकलो. त्या दिवशी कुहीच्या बाबारावांचा ट्रक आला होता. धानाची पोती वाहणारी जुनी गाडी. एका वर्षात तिचे पिस्टन दोनदा जळाले होते. म्हणून बाबारावांनी मिलिटरीच्या लिलावातून एक मीटर आणला होता. इंजिनातून निघणारा धूर किती तापलाय ते दाखवणारा. काटा लाल पट्ट्यात गेला की ड्रायव्हरने पाय काढायचा, म्हणजे इंजिन वाचतं.

बाबाराव गाडी लावून पाहुण्यांकडे जेवायला आणि झोपायला गेले. शेडमध्ये मी आणि मामा, दोघंच राहिलो. लूची झळ आत येऊ नये म्हणून दारं ओढून घेतली होती.

काम सोपं होतं. धुराच्या नळीला इंजिनजवळ, जिथे ती सगळ्यात जास्त तापते तिथे, करंगळीएवढं भोक पाडायचं. त्यात आटे पाडायचे आणि मीटरची सळी घट्ट बसवायची. सळीची तार वर केबिनमध्ये मीटरला.

पण त्या गाडीत वरून हात जात नव्हता. खालूनच करावं लागणार होतं, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यातून.

आमचा खड्डा अरुंद होता. आधी माणूस पायऱ्यांनी उतरायचा, मग गाडी वर यायची. गाडी आली की पायऱ्या झाकल्या जायच्या. एका बाजूला डिझेलची टाकी, दुसऱ्या बाजूला बॅटरीची पेटी, मागे एक्सल. गाडी मागे घेतल्याशिवाय माणूस बाहेर येऊच शकत नव्हता. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. रोजचंच होतं ते.

इंजिन चालू असलं की आवाज वर केबिनमध्ये बसलेल्या मामांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ठोक्यांनी बोलायचं. चासीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, पाना मारायचा.

एक ठोका म्हणजे चालू कर, रेस दे.

दोन ठोके म्हणजे बंद कर.

मी भोक पाडलं. शेवटचा पापुद्रा फोडताना इंजिन चालू ठेवायचं असतं, म्हणजे बिडाचा, ओतीव लोखंडाचा, भुसा आत न जाता धुराबरोबर बाहेर उडतो. एक ठोका दिला, मामांनी रेस दिली. भुसा उडाला. दोन ठोके दिले, इंजिन बंद. सगळं नेहमीसारखं.

मग शांततेत आटे पाडायला बसलो.

तेव्हा पहिल्यांदा आवाज आला. मागच्या बाजूने... खड्ड्याच्या अंधाऱ्या टोकाकडून... हलकासा, लोखंडावर लोखंड टेकवल्यासारखा.

गाडी थंड होताना असे आवाज करते. मी लक्ष दिलं नाही.

आटे झाले. राहिलेला भुसा उडवायला पुन्हा एक ठोका दिला. इंजिन सुरू झालं. भोकातून गरम धूर थेट खड्ड्यात येऊ लागला. दहा-पंधरा सेकंदांचं काम. मी तोंडाला फडकं लावून दोन ठोके दिले.

टण. टण.

आणि माझ्या मागे...

टण.

इंजिन भडकलं. मामांनी रेस वाढवली होती.

मला वाटलं, पाना हातातून उडून कुठे आपटला असेल. पण पाना माझ्या मुठीतच होता. पुन्हा मारले, जोरात. टण, टण.

मागून... टण.

या वेळेस मी वळून बघत होतो. हातदिव्याचा उजेड तिथवर पुरत नव्हता. पण चासीवरून धूळ झडताना मला दिसली. एकाच जागेवरून. कोणीतरी खालून मारल्यावर झडते तशी.

खाली कोणी नव्हतं.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. "मामाजी! बंद करा!" म्हणून ओरडलो. त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. खड्डा धुराने भरत चालला होता. डोळे उघडता येईनात. मी टाकीखालून निघायचा प्रयत्न केला, डोकं गेलं, खांदे अडकले. परत खाली आलो.

दोन ठोके मारले. मागून एक.

परत दोन मारले. परत मागून एक...

आणि दर खेपेला तो एक ठोका थोडा जवळून येत होता.

मी आता मरणार हे मला स्पष्ट कळलं. आईचा चेहरा आठवला आणि रडू फुटलं. रडताना दम लागतो, दम लागला की धूर जास्त आत जातो. गुडघे मोडून खाली बसलो तेव्हा तारेला लटकलेली सळी कपाळाला लागली.

धूर ज्या भोकातून येत होता ते मीच पाडलं होतं. ते बुजवायला सळी हाताशी होती.

मी उठलो, तोंडावरचं फडकं हाताला गुंडाळलं. नळी एव्हाना नुसत्या रेसवर इतकी तापली होती की फडक्याला जळका वास सुटला. आटा लागेना. फडकं गळून पडलं. मग उघड्या हाताने नळी धरली आणि सळी फिरवली. हाताचं काय झालं ते बघितलं नाही. एकदाची ती बसली, पाना लावून आवळली. धूर थांबला.

पाठीमागे, अगदी हाताच्या अंतरावर...

टण.

मी वळलो नाही. वळायची हिंमतच नव्हती.

आणि अचानक इंजिन बंद पडलं.

काय झालं ते नंतर मामांनी सांगितलं. सळी बसल्याबरोबर त्यांच्यासमोरचा मीटर जागा झाला. काटा सरळ चढत लाल पट्ट्यात गेला. उभ्या गाडीत तो तेवढा चढूच शकत नाही. पण मामा मिस्त्री होते. लाल दिसल्याबरोबर त्यांचा हात आपोआप इंजिन बंद करायच्या दांड्याकडे गेला.

शेडमध्ये सगळं शांत झालं. बाहेर लू सुद्धा वाजत नव्हती.

आणि त्या शांततेत...

टण.

एकच.

"रुपा," वरून मामांनी मला हाक मारली. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तू मारला?"

"नाही मामाजी. गाडी मागे घ्या!"

"आत तुझ्यासंगं कोण आहे गा?"

"कोणीच नाही! मले बाहेर काढा!"

टण.

गाडी मागे घ्यायची तर इंजिन सुरू करावं लागणार, आणि तो ठोका तेच मागत होता. मी खाली भिंतीला चिकटून उभा. मानेवर कोणाचा श्वास जाणवत नव्हता, एवढंच काय ते बरं होतं. पण कोणीतरी वाट बघत होतं, हे कळत होतं.

"मी नाही सुरू करत," मामा म्हणाले. मला नाही, त्याला म्हणाले.

आमच्या शेडची फरशी दाराकडे उतरती होती, पाणी वाहून जायला. मामांनी खाली उतरून दारं उघडली, चाकांमागचे दगड काढले, परत चढून ब्रेक सोडला. गाडी आवाज न करता मागे सरकू लागली. तसे ठोके वाढले. एक... एक... एक... नुसते घाईघाईचे, थांबायलाच तयार नाहीत.

समोर पायरीवर ऊन पडलं. मी कसा वर आलो, आठवत नाही.

मामा माझ्या हातावर माठातलं पाणी ओतत होते. मला राग आवरेना.

"मी दोन ठोके देऊन राहिलो होतो! तुम्हाले ऐकू नाही आलं?"

"आलं गा. दर खेपेस आलं."

"मंग बंद काहून नाही केलं?"

मामांनी माठ खाली ठेवला.

"तुझ्यामागून जो ठोका येऊन राहिला होता ना... तो हात माह्या ओळखीचा आहे. मी मिस्त्रीकाम त्याच ठोक्यावर शिकलो. तो वाजला की माहा पाय आपोआपच रेसवर जाते." त्यांनी खड्ड्याकडे बघितलं नाही. "नत्थूजींचा ठोका होता तो. तुह्या बापाचा."

बाबा मी तीन वर्षांचा असताना कावीळ होऊन गेले. घरी, खाटेवर. ही शेड त्यांनी आणि मामांनी मिळून टाकली होती. बाबांचा चेहरा मला आठवत नाही.

मला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. वडील आपल्या मुलाला धुरात का कोंडतील? खाली मीच आहे हे त्यांना कळलं नसेल का? रात्री आईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती मला वेड्यात काढेल.

आईने माझा भाजलेला हात मांडीवर घेतला.

"तुले ओळखलंच असन त्यांनी," ती म्हणाली. "जाताना एकच गोष्ट धरून बसले होते. म्हणे, तू एकटी बाई, पोराले कशी पोसशीन? याले मी संगंच घेऊन जातो."

मी हात ओढून घेतला.

"रागानं नव्हते म्हणत रे. लय जीव होता तुह्यावर." तिने डोळे पुसले. "ते गेल्यावर वर्षभर मी तुले लुगड्याच्या पदरानं कमरेले बांधून निजो. रात्री कितीकदा पदर ताणल्यासारखा वाटे. मी सोडला नाही."

त्या दिवसानंतर मी खड्ड्यात उतरलो नाही. मामांनी तो बुजवून टाकला. बाबारावांचा मीटर मात्र पुढे कित्येक वर्षं बरोबर चालला.

बाबा गेले तेव्हा त्यांचं जेवढं वय होतं, त्याच्या दुप्पट आज माझं आहे. आता मला पोसायचा प्रश्न उरलेला नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आई मागच्या पौषात गेली. तेव्हापासून मला झोप लागत नाही. आता मला बांधून ठेवायला कोणी नाही.