जास्वंदीतली खिडकी

पालघर स्टेशनसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर खासगी गुप्तहेर दीपा सावेचं ऑफिस होतं. पुष्पलता चुरी जिना चढून आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. डोक्याला स्कार्फ घट्ट बांधलेला.

"काकू, स्कार्फ सोडा, पंख्याखाली बसा," अंकुश म्हणाला. तो दीपाचा मावसभाऊ. स्कूटर चालवायला तरबेज, बाकी सगळ्यात सावकाश.

काकूंचा हात स्कार्फवर गेला आणि तिथेच राहिला. दीपानं अंकुशला चहा आणायला पिटाळलं.

"माझ्या बागेत कुणीतरी डोकावतंय," काकू म्हणाल्या. "केळव्याला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच घर आहे. पुढे बाग, बागेत झोपाळा, रस्त्याच्या बाजूला जास्वंदीचं दाट कुंपण. फाटकाला पत्रा. उपचारांत केस गेले माझे. घरात आरसा नको वाटतो, बाहेर स्कार्फ. त्या झोपाळ्यावर तेवढं डोकं उघडं ठेवते. वारा लागतो. बुधवारी बघते तर कुंपणाला भोक. सरळ झोपाळ्यावर रोखलेलं."

"पोलिसांकडे नाही गेलात?"

"काय सांगू त्यांना? माझं टक्कल कुणी पाहिलं ते शोधा?" त्या कसंनुसं हसल्या. "रविवारी माझी लेक भाविका मला बोईसरला न्यायला येतेय. कोण ते कळलं नाही तर जाईन मी. तिसऱ्या मजल्यावर जास्वंद कुठून फुलायची?"

"बागेत याआधी काही घडलं होतं?"

"मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडले. झोपाळ्यावर ओवी म्हणत होते, मधेच डोळ्यांपुढे अंधार. कुंदन रिक्षावाल्यानं दवाखान्यात पोचवलं. तेव्हापासून ओवी काही तोंडात आली नाही."

*

शनिवारी सकाळी दीपा रस्त्याच्या बाजूनं कुंपणापाशी उभी राहिली. भोक तळहाताएवढं, बरोबर तिच्या हनुवटीच्या उंचीवर. अंकुशला डोळा लावायला चांगलंच वाकावं लागलं.

"चोर बुटका आहे," तो म्हणाला.

"आणि त्याला वाकताही येत नसावं."

"कंबर धरली असेल."

दीपानं फांद्या चाचपल्या. एकही तोडलेली नव्हती. निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं दोन्ही बाजूंना ओढून बांधल्या होत्या. गाठ सोडली तर कुंपण पुन्हा मिटणार.

"जाळ्याचा दोरा," अंकुश म्हणाला. "त्यात काय, केळव्यात पावलापावलाला सापडेल."

खालचं गवत उभं होतं, कुणी तासन्‌तास उभं राहून तुडवलेलं नव्हतं. फक्त एका जागी माती ओलसर होती. तिथे एक बोका बसून माती चाटत होता.

"तुमचा?" दीपानं कुंपणावरून विचारलं.

"छे. हल्लीच यायला लागलाय, रोज सकाळी," काकू आतून म्हणाल्या. "माझ्याकडे त्याला काय मिळणार? मासळीचा वास सोसेना म्हणून मी पारू तांडेलला सांगून टाकलं, दारात हाक देऊ नकोस. इतक्या वर्षांची तिची बोहनी माझ्याकडे. मुकाट्यानं जाते बिचारी रस्त्यानं."

शेजारच्या होमस्टेचा मालक रूपेश स्वतःहूनच आला. "काकूंचं कुंपण कापा असं मीच म्हणालो होतो, लपवत नाही. वाढून वाढून माझा बोर्ड झाकलाय त्यानं. पण न विचारता हात लावला असता तर काकूंनी मला उभा चिरला असता."

त्याच्याकडे दर शनिवारी उतरणारा मेहुल फोन काठीला लावून निघाला होता. "मी आजच पोचलोय. आणि रील समुद्राचं करतो, लोकांच्या घराचं नाही."

"सगळे असंच म्हणतात," अंकुश पुटपुटला.

कुंदन नाक्यावर रिक्षा पुसत होता. "त्या दिवशी? मागून आवाज आला, 'बाय पडली, बाय पडली, आत जा.' मी मागे बघितलंच नाही, फाटक ढकलून धावलो. मावशीला उचललं आणि सुटलो. कोण ओरडलं ते आजतागायत माहीत नाही."

दीपा स्कूटरवर मागे बसली. मग म्हणाली, "अंकुश, उद्या सकाळी सगळ्यांना काकूंच्या बागेत बोलाव."

"चोर कळला?"

"चोर नाहीच मुळी."

*

रविवारी सकाळी बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. भाविका काकूंची बॅग शेजारी घेऊन बसली होती.

"रूपेशदादांना कुंपण वरून छाटलेलं हवं होतं," दीपानं सुरुवात केली. "मधल्या भोकातून बोर्ड दिसत नाही. मेहुल शनिवारी येतो, भोक बुधवारचं. मग बांधणारा कोण? ज्याला पाहायचं होतं, पण जास्वंद मोडवली नाही, असा कुणीतरी. तो रोज जातो, क्षणभरच थांबतो, म्हणून गवत उभं. थांबतो तेव्हा त्याच्याकडून पाणी ठिबकतं. ते पाणी बोक्याला आवडतं."

"मासळीचं," अंकुश सावकाश म्हणाला.

"उशिरा का होईना. आता डोक्यावर मासळीची पाटी असली की वाकता येत नाही. म्हणून भोक पाटीवालीच्या डोळ्यांच्या उंचीवर. आणि शब्द ऐका. रूपेश 'काकू' म्हणतो, कुंदन 'मावशी'. मग 'बाय पडली' कोण म्हणालं?"

काकूंचा चेहरा बदलला. "पारू मला बाय म्हणते."

"तिला तुम्ही हाक बंद करायला सांगितलं. तिनं केली. पण जाताना तुमची ओवी ऐकायची. ओवी चालू म्हणजे बाय ठीक. एक दिवस ती मधेच तुटली, म्हणून तर तुम्ही पडल्याचं तिला दाट कुंपणाबाहेर कळलं. त्यानंतर तुम्ही गायचंच थांबवलंत. कानाला काही कळेना, म्हणून तिनं डोळ्यापुरती जागा केली."

बाहेर चपला वाजल्या आणि थांबल्या. अंकुशनं फाटक उघडलं. पारू डोक्यावर पाटी घेऊन उभी होती, पकडल्यासारखी.

"विचारायचं तरी, पारू," काकू म्हणाल्या.

"इचारलं असतं तर तुमी नाय म्हनल्या असत्या." तिनं नजर जमिनीवर ठेवली. "त्या दिशी 'तांबडी' म्हनलात नि गपचिप. म्होरला शबूद आलाच नाय. माजा जीव कसा झाला, मला ठावं. रोज येक डाव बगते, बाय बसली हाय, जाते. डोक्याकडं नाय बगितलं मी. पाय हलतो का, तेवडंच बगते."

मग काकूंनी गाठ सोडली, कुंपणाची नव्हे, स्कार्फची. सकाळच्या उन्हात, सगळ्यांदेखत.

"काय आहे गं पाटीत?"

"बोंबील. तुमाला वास येल, बाय."

"भाविकाला आवडतात. बोहनी माझी." त्यांनी पारूचा ओला हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "मला वाटलं होतं, कुणीतरी माझं उघडं डोकं बघतंय. तू तर मला जिवंत बघत होतीस."

भाविकानं बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली.

पारूनं पाटी उतरवली, निळे दोरे एकेक करून सोडले. जास्वंद मिटली. "आता बगनार नाय मी. पन तुमी गायाचं. गळा बसला तरी गायाचं."

दीपा आणि अंकुश स्कूटरपाशी पोचले तेव्हा कुंपणाआड झोपाळ्याची कडी किरकिरली. आवाज घोगरा होता, थांबत थांबत येत होता:

"दारीच्या जास्वंदीला, आली फुलं तांबडी..."

आणि पाटी डोक्यावर घेऊन वळणाशी पोचलेल्या पारूनं, मागे न बघता, उरलेली ओवी पुरी केली:

"वाटंच्या सखे बाय, माज्यापाशी थांब घडी."