एका झोपेचं अंतर

मंगळावरच्या अरुणपूरहून सोलापूर सात महिन्यांच्या वाटेवर, पण येणाऱ्याला ते एका झोपेचं अंतर. जेवून पडावं, डोळे उघडावेत तो माहेरचं आभाळ. यानात प्रवाशांना संथनिद्रा देत. म्हणजे शरीरातल्या पेशीपेशीचं घड्याळ मंद करत. काळीज मिनिटाला एखादाच ठोका देई. सात महिन्यांत माणसाचं वय वाढायचं ते जेमतेम आठवड्यानं.

कलाबाई सकाळपासून यानतळावर लेकीची वाट बघत होत्या. बाकीचे आपापली माणसं घेऊन गेले, वैजूचं नाव काही पुकारेनात. शेवटी निद्राविभागाच्या डॉक्टर तांबट स्वतःच बाहेर आल्या.

"मावशी, निघताना वैजयंताला दिवस गेले होते?"

"दीड महिना. मला कळवलं होतं तिनं."

"आणि आम्हाला? तपासणी निघायच्या दोन महिने आधी झाली, तेव्हा काही नव्हतं. चढताना विचारलं, तर चक्क नाही म्हणाली!"

"मीच बजावलं होतं, तिसरा सरेस्तोवर वाच्यता करू नको, दृष्ट लागते. मला वाटलं, झोपेत तेही थांबंल तिच्यासंगं."

"तिथंच चुकलं. आमचं औषध वाढ पुरी झालेल्या पेशींना थोपवतं, गर्भ त्याला जुमानत नाही. वैजयंता झोपली, बाळ वाढत राहिलं. तिचं काळीज दोघांना पुरेना, तेव्हा यंत्रानं तिची तब्येत बिघडली समजून रक्ताला पंप जोडला. सात महिने त्या पंपावर पोसलंय ते."

"मग आता?"

"तिला जागं केलं, तर काळीज एकदम धावू लागेल. त्या धक्क्यानं बाळ जाईल. झोपेतच बाळ काढलं, तर दोघं वाचतील; पण तिला न विचारता. लवकर सांगा."

कलाबाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं. पोटातली पहिली लाथ, डोहाळे, सगळं लेकीच्या देहावरून गेलं होतं आणि तिला पत्ता नव्हता.

"काढा. उठल्यावर मला शिव्या घालील. घालू दे. घालायला उरली पाहिजे."

मुलगा झाला. दुपार कलली तशी वैजू जागी झाली आणि आईकडे बघून हसली. "किती वाळलीस गं!" मग तिची नजर आईच्या हातातल्या दुपट्याकडे गेली. "हे कुणाचं?"

कलाबाईंनी अडखळत सगळं सांगितलं. वैजूनं पोटावर हात ठेवला. टाके हाताला लागले. "काल तर मला नुसत्या कोरड्या उलट्या होत होत्या," ती पुटपुटली.

तिनं बाळाला छातीशी घेतलं मात्र, त्यानं टाहो फोडला. तिच्या काळजाची धडधड त्यानं कधी ऐकलीच नव्हती. कलाबाई गुणगुणू लागल्या, तसा तो अधिकच किंचाळला. ओठ निळे पडायला आले.

वैजू सात महिने ज्यात झोपली, त्या कोपऱ्यातल्या निद्रापेटीकडे तांबट लगबगीनं गेल्या. त्यांनी तिचा तो पंप चालू केला आणि बाळाला त्याच्या कडेला निजवलं. घूं... घूं... रडं विरलं. बाळाची मूठ सैल झाली.



"थोड्या वेळानं बंद करू," तांबट हलकेच म्हणाल्या. "मग घ्या जवळ."

"नको," वैजू म्हणाली. "आईजवळ निजलंय ते."